अबोला कुणासंगं?

परत येऊन बरेच दिवस झाले, तरी माझा संताप काही उतरलेला नाही. शेजारच्या बाईंनी सहज विचारलं, "काय हो, ऐन उन्हाळ्यात परभणीकडे गेला होतात म्हणे?" आणि मी त्यांना दारातच जे ऐकवायला लागले, त्यात त्यांच्या गॅसवरचं दूध उतू गेलं. म्हणून आता लिहूनच काढते. ज्यांना वाचायचं त्यांनी दूध खाली उतरवून वाचावं.

आम्हा ख्रिस्ती लोकांचा ईस्टरच्या आधी चाळीस दिवसांचा उपवासकाळ असतो. त्याला लेंट म्हणतात. प्रभूचं दुःखसहन आठवायचं, स्वतःच्या आत डोकावायचं, पश्चात्ताप करायचा आणि ईस्टरच्या सकाळी नवं माणूस होऊन उठायचं, असा त्याचा अर्थ. आमच्या नगरच्या चर्चच्या मंडळीत मात्र भस्म बुधवार, म्हणजे लेंटचा पहिला दिवस, आला की जो तो एकमेकाला विचारतो, "तुम्ही यंदा काय सोडलं?" कुणी मटण सोडतं, कुणी टीव्हीवरची मालिका. मी वर्षानुवर्षं चहा सोडत आले. डोकं दुखायचं, आणि त्या डोकेदुखीचंच मला समाधान वाटायचं. मग ईस्टरला लागोपाठ दोन-तीन कप चहा प्यायले की मी पुन्हा होते तीच. तीच तापट, तीच खोचक, सगळ्यांच्या शुद्धलेखनाच्या चुका काढणारी निवृत्त शिक्षिका.

या वर्षी मला चहा सोडायचा नव्हता. मागच्या वर्षी आमचे हे गेले. तेव्हापासून माझी प्रार्थना बंद पडली होती. म्हणजे रविवारी सगळ्यांबरोबर छापील प्रार्थना मी खणखणीत म्हणत होते. पण खोलीचं दार लावून स्वतःच्या शब्दांत देवाशी बोलायला बसले की एक शब्द फुटत नव्हता. हे मला सोसत नव्हतं. आत खोलवर काहीतरी हलायला हवं होतं. एका आत्मिक शिबिराचं पत्रक हाती आलं, तर त्यात परिवर्तनाच्या खालोखाल मोठ्या अक्षरांत वातानुकूलित खोल्यांची जाहिरात होती, आणि दुःखसप्ताहातल्या, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या शेवटच्या आठवड्यातल्या, शुक्रवारच्या जेवणात आइस्क्रीम! मी ते पत्रक चुलीत घातलं असतं, पण घरात चूल नाही, म्हणून रद्दीत टाकलं.

मग मला आनंद आठवला. आनंद हा माझा जुना विद्यार्थी. वर्गात फळा पुसायला सांगितला तरी घाबरायचा. तो आता सेलू तालुक्यात, वालूरच्या अलीकडच्या एका लहान गावात पाळक आहे. मी त्याला फोन केला. म्हटलं, मला दुःखसप्ताहभर मौन धरायचंय. एक शब्द बोलायचा नाही, लिहूनही बोलायचं नाही. तुझ्याकडे शांतता आहे का? तो म्हणाला, "बाई, इथे शांततेशिवाय दुसरं काहीच नाही." इतकं धादांत खोटं बोलायला त्याला मी तरी शिकवलं नव्हतं.

झावळ्यांचा रविवार

सेलूपासून पुढे दोन्ही बाजूंना काळी रानं. ज्वारी निघालेली, कडब्याच्या गंज्या रचलेल्या, हरभऱ्याच्या वावरात मेंढरं बसवलेली. मेंढरं रात्रभर वावरात बसली की खत आयतंच पडतं, म्हणून शेतकरीच धनगरांना बोलावून नेतात. आमच्या नगरकडेही हीच रीत, त्यामुळे मला जरा घरच्यासारखं वाटलं. ऊन मात्र घरच्यासारखं नव्हतं. सकाळी आठलाच डोक्यावरचा पदर तव्यासारखा तापला होता.

दुःखसप्ताहाच्या सुरुवातीला, झावळ्यांच्या रविवारी, हातात झावळ्या घेऊन मिरवणूक काढतात, होसान्ना म्हणत प्रभूचा जयजयकार करतात. या गावात माडही नाही आणि शिंदीही नाही. इथली मंडळी उसाचं वाढं घेऊन निघतात, म्हणजे उसाचा हिरवा शेंडा, जो एरवी जनावरांना घालतात. आणि हे जनावरांना ठाऊक असतं. मिरवणूक चर्चच्या दाराशी पोचायच्या आत गावातल्या शेळ्यांनी आम्हाला गाठलं. माझ्या हातातलं वाढं एका तांबड्या शेळीने असं ओढलं की मी होसान्नाच्या ऐवजी "अगं बाई!" म्हणाले. मौनाच्या आधीचे माझे तेच शेवटचे शब्द.

उपासना संपल्यावर आनंदने जाहीर केलं, "नगरच्या आपल्या बाई या सप्ताहात मौन धरणार आहेत. कुणी त्यांना बोलायला लावू नका."

बाहेर आल्यावर एका म्हाताऱ्या बाईंनी त्याला गाठलं. "पाळकसाहेब, बाईनं अबोला धरलाय?"

"अबोला नाही आजी, मौन."

"तेच की. पन कुणासंगं?"

"कुणाशी नाही. कुणाशीच बोलायचं नाही, असं."

"असं कसं? अबोला काय एकट्यानं धरता येतो व्हय? समोर कुनीतरी लागतंच की."

मग सगळ्या बायकांनी मला मधे घेऊन अंदाज बांधायला सुरुवात केली. सुनेशी असेल. सुनेशीच असणार, बाईंच्या तोंडावर दिसायलंय. सून नोकरीवाली असेल. मला सून नाही! मुलगाच नाही! पण हे सांगायचं कसं? मी हात हलवले, मान हलवली, तर त्यांनी ठरवलं की सून फारच वाईट आहे.

सोमवार

माझी सोय कमळाक्कांच्या घरी केली होती. एक अंगण, दोन चुली. एका चुलीच्या कमळाक्का: मोठी जाऊ, विधवा, उंच, ताठ. दुसऱ्या चुलीची सुमन: धाकटी जाऊ, ठेंगणी, हाताला चटपटीत. सुमनचा नवरा सकाळी शेतात जायचा तो दिवेलागणीला यायचा, आणि घरात असला तरी भिंतीला टेकून नुसता बसायचा. हा माणूस इतका शांत का, ते मला सोमवारी सकाळी कळलं.

आक्का अंगणात आल्या आणि त्या कालच्याच तांबड्या शेळीला म्हणाल्या, "चंपे, नळाला पानी आलंय. कुनाला भरायचं आसंल तर भरा म्हनावं."

सुमन तिच्या चुलीपासून म्हणाली, "चंपे, मला डोळे हायत म्हनावं."

दोघी जावांचा अबोला होता. सुमनची मुलगी बालवाडीत होती तेव्हा धरलेला. ती मुलगी आता परभणीला कॉलेजात आहे. इतकी वर्षं एका अंगणात राहून दोघी एकमेकींशी चंपीमार्फत, तिच्याआधी तिच्या आईमार्फत, आणि शेळी रानात गेली की भिंतीमार्फत बोलत आल्या होत्या. मी आल्यावर चंपीची सुटका झाली आणि ते काम माझ्याकडे आलं.

"बाई," आक्का माझ्याकडे तोंड करून म्हणाल्या, "दोरीवरचे कपडे वाळलेत. पाखरं घान करायलीत."

"बाई," सुमन दुसऱ्या बाजूने, "ज्यांचे कपडे हायत त्यांना हात हायत."

मी दोघींच्या मधे, तोंड मिटून. आक्कांनी मला समजावलंही, "तुमी काय बोलू नका. तुमचं मौन हाय. तुमी निसतं ऐका, जिला ऐकायचंय ती ऐकंल." मी नगरहून इतक्या लांब देवाचा आवाज ऐकायला आले होते, आणि इथे मला शेळीच्या जागी नेमलं होतं. रागाने माझे कान गरम झाले.

त्यात उपवास. आमच्याकडे लेंटचा उपवास म्हणजे एक वेळ साधं जेवण, तेलातुपाला फाटा. इथली मंडळी हिंदू शेजाऱ्यांसारखाच उपास धरतात: साबुदाणा, भगर, दाण्याची आमटी, रताळं, वर दही. त्याबद्दल मला आधी नाक मुरडावंसं वाटलं, पण नाक मुरडायला वेळच मिळाला नाही, कारण आक्कांच्या चुलीवरून भगर आली, तिच्यावर आमटीची वाटी. लगेच सुमनच्या चुलीवरून साबुदाण्याची खिचडी, तूप सोडलेली. एकीचं खाल्लं आणि दुसरीचं ठेवलं तर मी एका बाजूची झाले असते. दोन्ही खाल्लं. संध्याकाळी उपास सोडायला आक्कांकडून पिठलं-भाकरी, सुमनकडून वरण-भात. सुमनचं वरण इतकं घट्ट की पळी उभी राहावी. मी सत्तरीकडे झुकलेली बाई, दुःखसप्ताहात दिवसाला चार वेळा जेवत होते, आणि तक्रार करायला तोंड उघडता येत नव्हतं.

मंगळवार, चारठाणा

आनंदला बहुधा माझी दया आली. त्याने मला मोटारसायकलवर मागे बसवून चारठाण्याला नेलं. जिंतूर तालुक्यातलं हे गाव जुन्या देवळांचं. काळ्या दगडाचे कोरीव खांब आणि एक उंच स्तंभ ऊन खात उभे. कोरीव दगडाला टेकून कुणी गवऱ्या थापलेल्या, एका देवळाच्या सावलीत गावातली मंडळी पत्ते खेळत बसलेली. या गावात ज्यांनी असे खांब उभे केले त्यांना नमस्कार, आणि गवऱ्या थापायला तीच जागा सापडली त्यांनाही, असं मी मनात म्हटलं.

सावलीत बसल्यावर आनंद बोलायला लागला. मी उत्तर देऊ शकत नाही याचा त्याला धीर आला असावा. आयुष्यात पहिल्यांदा तो माझ्यासमोर सलग बोलला.

भांडण सुरू झालं नाताळच्या प्रीतिभोजनात. प्रीतिभोजन म्हणजे सगळ्या मंडळीने प्रेमाने एकत्र बसून जेवणं. नाव प्रीतीचं, म्हणून तर मला जास्त राग. त्या वर्षी वरण सुमनने केलं होतं. आयत्या वेळी शेजारच्या गावची माणसं आली, तेव्हा कुणीतरी वरणात तांब्यांनी पाणी ओतलं. पंगतीत हशा झाला. सुमनचं वरण म्हणजे दुधना नदीचं पाणी, असं नाव पडलं, ते अजून पुसलेलं नाही. पाणी कुणी घातलं, ते सगळ्यांना कळत होतं. आक्कांनी घातलं होतं. पण पंगतीत लोक हसत असताना आक्का गप्प बसल्या, आणि मग गप्पच राहिल्या.

"आणि बाई," आनंद खाली बघत म्हणाला, "आक्कांच्या गळ्यात गाठ निघालीय. ईस्टर झाल्यावर नांदेडला ऑपरेशन आहे. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय, जीव वाचेल, पण आवाज राहील याची खात्री नाही."

आक्कांचा आवाज खरखरीत होता, त्या सारख्या हळद-मिठाच्या गुळण्या करत होत्या, हे मी पाहिलं होतं. मला वाटलं होतं, उन्हाने असेल. मी आनंदकडे बोट केलं आणि तोंडाशी हात नेऊन विचारलं: तू त्यांना काही बोललास का?

"मी काय बोलणार, बाई? मोठी माणसं. गुरुवारी आपण आक्कांच्या आवाजासाठी खास प्रार्थना ठेवलीय ना."

मी उठून त्या देवळाला एक फेरी मारून आले, नाहीतर त्याच्या कानाखाली वाजवली असती. वेदीपाशी अर्पण ठेवण्याआधी जाऊन भावाशी समेट कर, हे प्रभूने सांगितलंय की नाही? हा पाळक, हेच शिकून आला ना? एका बाईकडे शेवटचे काही दिवस आवाज आहे. त्या आवाजाने बोलायचं एकच वाक्य आहे. आणि अख्खी मंडळी देवाकडे आवाज मागायला बसणार, पण आहे त्या आवाजाचं काय करतेस, हे तिला कुणी विचारणार नाही! येताना आनंदने पोखर्णीच्या नृसिंहाची, दुधनेच्या धरणाची, सगळी माहिती सांगितली. मी एक अक्षर ऐकलं नाही.

बुधवार

सकाळी नदीकडे गेले. दुधनेत पाणी थोडं, डबक्याडबक्यांतून. गयाबाई तिथे मेंढरं पाजत होती. गयाबाई शेजारची, तिच्या घरी मेंढरं-शेळ्या आहेत आणि सुगीत ती दुसऱ्याच्या शेतात मजुरीलाही जाते. दोन्ही जावांना दूध तीच घालते, आणि दोघींच्या दारात दूध घालताना दोघींचंही ऐकून घेते.

"बाई, कळलं बरं का मला," ती माझ्या शेजारी दगडावर बसून म्हणाली, "तुमाला सून न्हाई म्हनं. पाळकांनी सांगितलं. मालक बी गेले म्हनं."

मी मान हलवली.

"मंग आता ऱ्हायलं कोन?" तिने खरंच विचार केला. एका मेंढराला हाकललं, पुन्हा बसली. "मंग देवासंगंच धरला आसंल."

तिने ते सहज म्हटलं, भाजीला मीठ घातलं का विचारावं तसं. पण मला असा राग आला म्हणता! ही कोण मला सांगणार? मी लेंट पाळायला आले आहे, देवाच्या जवळ जायला आले आहे, मी देवाशी अबोला धरीन? मी फणकाऱ्याने उठले आणि चिखलात घसरून गुडघ्यावर पडले. गयाबाईने मला हाताला धरून उठवलं, लुगड्याचा चिखल धुऊन दिला आणि पुन्हा त्या विषयावर एक शब्द काढला नाही. दिवसभर माझा गुडघा ठणकत होता आणि तिचं वाक्यही ठणकत होतं.

गुरुवार

संध्याकाळी चर्च भरलं. प्रभूच्या शेवटच्या भोजनाची ही संध्याकाळ, म्हणून उपासनेच्या शेवटी प्रभुभोजन, म्हणजे भाकर आणि प्याला. त्याच्या आधी आक्कांसाठी प्रार्थना. आक्कांना पुढे बसवलं, बायकांनी त्यांच्या डोक्यावर, खांद्यावर हात ठेवले. मी पुढच्याच रांगेत होते. मागून, गर्दीतून, सगळ्यांत मोठा आवाज आला तो सुमनचा.

"प्रभू, माज्या जावंचा आवाज राख! प्रभू, तिला लय तकलीफ हाय, रातच्याला झोप न्हाई, मला भिंतीपलीकडून ऐकू येतंय! प्रभू, तिचा आवाज गेला तर ह्या अंगनात मी कुनाचा आवाज ऐकू?"

ती मनापासून बोलत होती. मला वाटलं, आता. आता आक्का मागे वळतील.

आक्कांनी डोळे मिटले, हात जोडले आणि खरखरीत आवाजात म्हणाल्या, "प्रभू, जी बहीन माज्यासाठी प्रार्थना करायलीय, तिला आशीर्वाद दे. तिला म्हनावं, प्रभू, मी तिची आभारी हाय."

"आमेन," मंडळी म्हणाली. काही बायकांनी डोळे पुसले. आनंदने समाधानाने भाकर हातात घेतली.

माझ्या मौनाचं काय झालं ते मला खरंच कळलं नाही. मी उभी होते आणि माझा वर्गातला आवाज त्या पत्र्याखाली घुमत होता.

"अगं, तिला म्हणावं? देवाला निरोप सांगायला लावतेस? देव काय तुमची शेळी आहे? ती तुझ्या मागे तीन हातांवर उभी आहे! तुझ्याकडे अजून आवाज आहे ना? वळ, आणि सांग तिला, पाणी मी घातलं होतं म्हणून! आणि तू गं सुमन, देवाला रडून सांगतेस, तिला सांगायला काय झालं? आणि आनंद, ती भाकर आधी खाली ठेव!"

आनंदने भाकर खाली ठेवली. फळा पुसायला सांगितल्यासारखी.

आक्का उठल्या, पदर सावरला आणि कुणाकडेही न बघता मधल्या वाटेने सरळ बाहेर गेल्या. त्यांच्या मागून थोड्या वेळाने सुमनही गेली, वेगळ्या दाराने. दोघींनीही भाकर आणि प्याला घेतला नाही. मग मीही घेतला नाही. कुठल्या तोंडाने घेणार होते?

शुक्रवार

उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, सकाळी कुणीही माझ्याशी बोललं नाही. आक्का माझ्याकडे न बघता गेल्या, सुमन माझ्याकडे न बघता गेली. भगर आली नाही, खिचडी आली नाही. चर्चमध्ये मी बसले त्या बाकावर दुसरं कुणी बसलं नाही. ज्या आजींनी रविवारी विचारलं होतं, त्यांनीच मला बघून तोंड फिरवलं. अख्ख्या गावाने माझ्याशी अबोला धरला होता, आणि आता कुणासंगं हे विचारायची गरज नव्हती.

तेव्हा मला अबोला म्हणजे काय ते कळलं. ते मौनासारखं मुळीच नसतं. मौनात माणूस एकटा असतो. अबोल्यात तो सतत दुसऱ्या माणसाजवळ असतो, त्याच्या पावलांचा, भांड्यांचा आवाज ऐकत असतो. मला भूक लागली होती, लाजही वाटत होती, आणि सगळ्यांत जास्त भीती वाटत होती. आक्का प्रभुभोजन न घेता ऑपरेशनला जाणार होत्या, आणि ते माझ्यामुळे. उद्या त्यांचा आवाज गेला आणि ते वाक्य आतच राहिलं तर?

दुपारी खोलीत दार लावून प्रार्थनेला बसले. नेहमीसारखाच शब्द फुटेना. आणि मग एकदम फुटला. मी देवाला म्हटलं, तुला लाज नाही वाटत? पहिल्यांदा तेच म्हटलं. मग हे आजारी असताना दवाखान्याच्या बाकड्यावर बसून मी काय काय मागितलं होतं, ते सगळं त्याला ऐकवलं. तू ऐकलं नाहीस, आणि वर रविवारच्या रविवारी माझ्याकडून स्तुती घेतोस! ह्यांना चहात साखर जास्त लागायची, मी ती शेवटपर्यंत कमी घातली, डॉक्टरांनी सांगितलं म्हणून, आणि त्याचा काय उपयोग झाला? मी मूठ वळून भिंतीवर मारली. मी खूप मोठ्याने बोलत होते, आणि रडत होते, आणि थांबावंसं वाटत नव्हतं.

दार वाजलं. गयाबाई, दुधाचा तांब्या हातात. मला अन्न मिळालेलं नाही हे तिला कळलं असावं; अबोला ख्रिस्ती मंडळींनी धरला होता, तिच्या घराने नाही. तिने खोलीत चौफेर बघितलं.

"आत कोन हाय, बाई? कुणासंगं भांडायलाव एवढं?"

"देवासंगं," मी म्हणाले.

"बरं बरं," म्हणून तांब्या उंबऱ्याशी ठेवून ती गेली. मी दूध प्यायले, कोमट होतं, शेळीचा वास येत होता, आणि पुन्हा आत जाऊन राहिलेलं बोलून घेतलं.

शनिवार

सकाळी मी बॅग भरली. ईस्टरपर्यंत राहायची माझी हिंमत नव्हती. अंगणात सुमन उद्याच्या प्रीतिभोजनाची तूरडाळ सुपात घेऊन निवडत बसली होती. आनंद मला सेलूला सोडायला आला होता, पण अंगणात पाऊल टाकायला घाबरून मोटारसायकलजवळच उभा होता. मी दारात बॅग धरून उभी होते.

आक्का त्यांच्या दारातून बाहेर आल्या. चंपी मधे बांधलेली होती. आक्का तिला वळसा घालून पुढे आल्या. सुपासमोर उभ्या राहिल्या.

"सुमन," त्या म्हणाल्या, "वरनात पानी मी घातलं व्हतं."

सुमनचा हात डाळीत थांबला. माझ्या हातातली बॅग खाली आली. मला वाटलं, आता या दोघी गळ्यात पडतील, मी प्रभूचे आभार मानीन, आणि सगळं सार्थकी लागेल.

सुमन सूप बाजूला ठेवून उठली. "मला म्हाईत न्हवतं व्हय? तांब्या तुमच्याच हातात व्हता! वला व्हता! इतकी वर्सं मी वाट बगायले, तुमी कवा म्हनता म्हनून!"

"मंग तूच म्हनायचं!"

"मी कामून म्हनू? पानी तुमी घातलं!"

"मंडळी केवढी आली व्हती! पुरलं असतं का तुजं वरन?"

"पुरलं असतं! आंदाज हाय मला! तुमाला कवाच माजा आंदाज पटला न्हाई, लग्नाच्या दिसापासून!"

आणि मग जे सुरू झालं! वरण मागेच राहिलं. सासू गेली तेव्हा कुणी कोणतं गीत म्हणायला सांगितलं होतं ते निघालं, एक कोंबडी निघाली, नवीन पत्रे कुणाच्या बाजूने आधी घातले ते निघालं. गयाबाई कुडावरून बघत होती, आजूबाजूच्या बायका दारात. आक्कांचा आवाज फाटत होता, शब्दाशब्दाला घशातून घरघर येत होती. डॉक्टरांनी आवाजाला विश्रांती द्यायला सांगितलं होतं! देवाकडे रडून मागितलेला आवाज ही बाई कोंबडीवर खर्च करत होती! मला राहवेना. मी पुढे सरसावले, म्हटलं बास, दोघी गप्प बसा.

पण माझ्या आधी सुमन बोलली. तिने पुढे होऊन आक्कांचा दंड धरला, आणि तिचा आवाज एकदम खाली आला.

"हळू बोला, आक्का. घसा दुखंल तुमचा."

आक्कांनी श्वास घेतला, घसा खाकरला. सुमनचा हात त्यांनी काढला नाही.

"दुखू दे," त्या म्हणाल्या. "तुज्या पोरीच्या बाप्तिस्म्याचं ऱ्हायलंय आजून."